पडणाऱ्याची बाही

त्या वर्षी कालव्याला पाणी आलं ते उशिरा, आणि आलं तेही दमल्या माणसासारखं. वरच्या अंगाच्या रानांत ते कसंबसं पोचायचं आणि खालच्या अंगाला जाईपर्यंत वाटेतच जिरायचं. पाळ्या ठरलेल्या होत्या. कुणाचं दार कधी उचलायचं, कधी पाडायचं हे शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. पण पाणी कमी पडलं की पाठ असलेल्या गोष्टी मोठी माणसं सोयीने विसरतात. त्यामुळे त्या हंगामात कालव्याच्या कडेने पाण्यापेक्षा शिव्याच जास्त वाहत होत्या.

आत्याचं घर वरच्या अंगाला. घर तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं. खरं तर ती एकट्या लंबूचीच आत्या. लंबू म्हणजे दादाचा मुलगा, वयाच्या मानाने अंमळ जास्तच उंच झालेला आणि त्या उंचीचं काय करायचं हे अजून न कळलेला. आत्याने तरुणपणी शहरातल्या एका कारखान्यात बरीच वर्षं काढली होती. तिथल्या कामगारांच्या आखाड्यात ती ज्युदो शिकली आणि नवरा गेल्यावर एक पत्र्याची पेटी आणि तो खेळ एवढंच घेऊन भावाकडे परत आली. सकाळ-संध्याकाळ गाईंची धार काढायची, दिवसा मक्याच्या रानात खपायचं आणि उन्हं कलली की ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पोरांना शिकवायचं असा तिचा दिवस. लंबूने दोस्तांना ओढून आणलं, दोस्तांनी बहिणींना आणलं, आणि लंबूचं ऐकून सगळेच तिला आत्या म्हणू लागले. हळूहळू पोरांच्या आयाही आत्या म्हणायला लागल्या. दूध न्यायला येणारा गाडीवालासुद्धा आत्याच म्हणायचा, आणि तो तिच्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा होता.

शेडमध्ये भुशाने भरलेली पोती एकमेकांना शिवून त्यावर ताडपत्री ताणलेली होती. ती शिवायला वहिनीने मदत केली होती आणि दाभण बोटात घुसल्यावर नणंदेच्या खेळाला मनसोक्त नावंही ठेवली होती. नवीन पोर आलं की आत्या त्याला पहिले कितीतरी दिवस नुसतं पडायला शिकवायची. हनुवटी छातीला, पाठ गोल, हाताची थाप जमिनीवर. पोरं कंटाळायची, पाडायचं कधी शिकवणार म्हणून भुणभुण लावायची. मग पाडायचं शिकवताना ती एकच गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवायची. पाडणाऱ्याने पडणाऱ्याची बाही सोडायची नाही. समोरचा हवेत असतो तेव्हा त्याचं काही त्याच्या हातात नसतं. सगळं तुमच्या हातात असतं. तो सुखरूप खाली टेकेपर्यंत बाही वर ओढून धरायची. बाही सोडली तर पाडलंत कसलं, टाकलंत.

आणखी एक नियम होता. रानातलं भांडण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं. पोरं वरच्या अंगाचीही होती, खालच्या अंगाचीही. आत्याला याचा फार अभिमान होता. गावात कालव्याला दोन टोकं असतील, माझ्या ताडपत्रीला नाहीत, असं ती कुणीही न विचारता सांगायची.

खालच्या अंगाची एक मुलगी होती, तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने बारकी, पण आपल्याहून जड पोरांना कमरेवर घेऊन असं अलगद फिरवायची की पडणाऱ्यालाच हसू यायचं. तिच्या घरी कांद्याचं रान होतं आणि माणसं तीनच, आई, बाप आणि ती.

त्या दिवशी दुपारी दादाने मुंगीच्या बापाची पाळी संपायच्या आधीच दार उचललं. मुंगीचा बाप पळत आला. शब्दाला शब्द लागला, हात हाताला लागला आणि दादा पाय घसरून चारीत जाऊन बसला. लागलं काहीच नाही. पण तो बसला तो पुरता चिखलात, आणि त्याची एक चप्पल पाण्याबरोबर खाली निघाली. खालच्या अंगाच्या कुणीतरी ती काठीवर अडकवून मोठ्या अदबीने परत आणून दिली. बघे हसले. लंबू तिथेच उभा होता. बापाला हात देऊन उठवावं की इकडेतिकडे बघावं हे त्याला कळलं नाही, आणि तेवढ्यात दादा आपला आपण उठला.

आत्याला हे सगळं वहिनीकडून कळलं. वहिनी चिखलाचा सदरा घासत होती आणि तिचा नवरा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

संध्याकाळी पोरं आली ती आपसूकच दोन घोळके करून उभी राहिली. आत्याला ते झोंबलं. तिने वाट पाहायला हवी होती. त्या दिवशी नुसता व्यायाम करून घ्यायला हवा होता, किंवा पोरांना घरी पाठवायला हवं होतं. निदान लंबूच्या तोंडाकडे एकदा नीट बघायला तरी हवं होतं. पण तिला त्या घडीला फक्त ते दोन घोळके दिसत होते आणि ते मोडायचे होते. म्हणून तिने मुद्दाम लंबूला आणि मुंगीला पुढे बोलावलं. सगळ्यांना दिसू दे, असं तिच्या मनात आलं.

लंबू वाकला, वळला, मुंगी त्याच्या कमरेवरून वर गेली. आणि ती वर असताना त्याची बोटं उघडली.

आवाज फार मोठा झाला नाही. आत्याला तो कानांनी नाही, तळपायांनी ऐकू आला. मुंगी खांद्यावर पडली होती. रडली नाही. नुसती उठून बसली, डावा हात उजव्या हाताने पोटाशी धरला आणि एखाद्याचं भांडं आपल्या हातून फुटावं तसं म्हणाली, "आत्या, काहीतरी मोडलं."

दुधाची गाडी नेमकी दाराशी होती. गाडीवाल्याने कॅन तिथेच उतरवून ठेवले आणि काही न विचारता गाडी सुरू केली. मुंगीला मांडीवर आडवी घेऊन आत्या पुढे बसली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती मुलीचा खांदा आपल्या अंगावर झेलत होती. दवाखान्यात फोटो काढला. गळ्याखालचं, हासळीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी हात गळ्यातल्या झोळीत बांधला, हाड आपोआप जुळेल म्हणाले, पण महिना-दीड महिना हात हलवायचा नाही, ओझं तर नाहीच नाही, असं बजावून सांगितलं.

मुंगीच्या घरी तिचा बाप दारातच उभा होता. त्याने मुलीला आत नेलं. बोलली ती आई. ती एरवी आत्याला अगं-तुगं करायची, तिच्या चालीची नक्कल करून हसवायची. त्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहून अगदी हळू आवाजात बोलली.

"मी काही तुम्हाला तिला पैलवान करा म्हणून सांगितलं नव्हतं. संध्याकाळची ती तुमच्याकडे असते म्हणून मी निर्धास्त असायची, बस. हाड काय, जुळेल हो. माझा निर्धास्तपणा मोडला तुम्ही."

ते 'तुम्ही' आत्याला शिवीपेक्षा जास्त लागलं. तिने लंबूचं नाव घेतलं नाही. चूक माझी आहे, जोडी मी लावली, एवढंच म्हणाली. मुंगीच्या आईने मान हलवली, म्हणजे ते आपल्याला माहीतच आहे अशी, आणि दार लोटून घेतलं.

घरी दादाचं म्हणणं, खेळात व्हायचंच असं; आणि जी माणसं दुसऱ्याला चिखलात पाडतात त्यांनी आपल्या पोरीच्या पडण्याचा एवढा बाऊ करू नये. वहिनी म्हणाली, "पोरीला कशाला मधे घेता?" आणि ताट त्याच्यासमोर जरा आपटूनच ठेवलं. लंबू जेवला नाही. आत्याने त्याला काही विचारलं नाही. बोटं निसटली की सोडली, हे तिला विचारायचं नव्हतं. तिने ते पाहिलं होतं.

पण एका गोष्टीने तिचा डोळा लागू दिला नाही. मुंगीच्या रानातले कांदे काढणीला आले होते. पाणी मिळालं नाही म्हणून पात लवकरच पिवळी पडून आडवी झाली होती. आता दिवस गेले तर कांदा जमिनीतच खराब व्हायचा. तीन माणसांचं काम, त्यातली एक झोळीत हात घालून बसलेली. आणि भांडणानंतर वरच्या अंगाचं कुणी मदतीला जाणार नव्हतं, खालच्या अंगाचे सगळे आपापल्या रानात गुंतलेले.

सकाळी धार काढून झाल्यावर आत्याने शेडला कडी घातली आणि पोरांना निरोप धाडला की सध्या खेळ बंद. मग डोक्याला फडकं बांधून ती कालव्याच्या कडेने खाली निघाली. दादा ओट्यावर होता. त्याने विचारलं, कुठे? तिने सांगितलं. तो म्हणाला, तिकडे जायचं असेल तर शेडमधली पोती आधी बाहेर काढ, मला ट्रॅक्टर लावायचाय. ती म्हणाली, आल्यावर काढते. मागून वहिनी धावत आली आणि भाकरीचं फडकं तिच्या हातात कोंबून, डोळ्याला डोळा न भिडवता परत गेली.

मुंगीच्या आईने तिला रानात येताना पाहिलं आणि वाकल्या जागी काम चालूच ठेवलं. आत्या सऱ्यांच्या टोकाला उभी राहिली. मुंगीचा हात मी भरून काढते, म्हणाली. मुंगीच्या बापाने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, रान काय कुणाच्या बापाचं आहे, करू दे. यावर तो जरा चपापला, कारण रान त्याच्या बापाचंच होतं.

पण तिला स्वतःची सरी काही मिळाली नाही. पुढे नवराबायको कांदे उपटत जायचे, आणि मागे राहिलेले, तुटलेले, मातीत दडलेले कांदे हाताने उकरून पाटीत गोळा करायचे हे काम तिला दिलं. ते लहान मुलांचं काम. कालवा ओलांडून जाणारे येणारे थांबून बघायचे. एकाने विचारलं, आता कांद्यांना पडायला शिकवता का आत्या? तिने हसून मान डोलावली आणि पाटी भरली. दुपारी ते तिघं झाडाखाली जेवायला बसायचे, ती बांधावर. कुणी ये म्हटलं नाही, आणि ती आपण होऊन गेली नाही.

माती कोरडी होऊन दगड झाली होती. नखांखाली ती चढायची आणि रात्री भाकरी खाताना कांद्याचा वास घासाआधी तोंडात जायचा. आत्याचं अंग कसलेलं होतं, पण ते झटक्याच्या कामाला कसलेलं. हे वाकून राहण्याचं काम वेगळं. पहिल्याच दिवशी मांड्या अशा धरल्या की घराची पायरी ती आडवं पाऊल टाकत चढली.

मुंगी बांधावर बसलेली असायची. पहिले काही दिवस ती आईच्या धाकाने गप्प होती. मग हळूच म्हणाली, आत्या, गुडघ्यावर बसून सरका, कमर दुखणार नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पाटी डोक्यावर नको, कमरेवर घ्या, तुम्हीच तर आम्हाला शिकवलं जड माणूस कमरेवर कसं घ्यायचं ते. आत्याने घेतली. खरंच हलकी लागली. मुंगी खुदकन हसली, आणि हसताना खांदा हलला म्हणून कळवळली. आईने तिकडे बघितलं. त्या दिवसापासून आत्याला तिसरी सरी मिळाली.

इकडे लंबूने एक चमत्कारिक उद्योग मांडला होता. खेळ बंद होता तरी तो रोज संध्याकाळी शेडमध्ये जायचा, ताडपत्री झाडायचा आणि एकटाच पडत बसायचा. धप्, धप् असा आवाज गोठ्यापर्यंत यायचा. ट्रॅक्टर काही शेडमध्ये लागला नव्हता. दादा रोज लावतो म्हणायचा आणि रोज बाहेरच ठेवायचा.

एका संध्याकाळी आत्या धारेला बसली असताना लंबू येऊन खांबाला टेकून उभा राहिला. बराच वेळ त्याने खांबाचा ढलपा नखाने काढला. मग म्हणाला, "आत्या, त्या दिवशी ना..."

"मला नको सांगू," आत्या म्हणाली. धार थांबली नव्हती. "मी पाहिलंय. जिचं हाड आहे तिला सांग."

"ते मारतील."

"मारतील कदाचित. मी असेन तिथे."

तो गेला. आत्याने कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं. पोराला असं पुढे ढकलणं तिलाही जड गेलं होतं. पण लंबू अजून त्या उघडलेल्या बोटांपाशीच अडकला होता आणि तिथून त्याला खाली उतरवायचं तर वाट तिच्या नाही, मुंगीच्या दारावरून होती, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला तो उन्हं चढल्यावर. कालव्याच्या कडेने पाय ओढत, त्या उंचीला लपायला कुठेच जागा नसल्यासारखा. तोवर कांदे काढून झाले होते आणि सगळे सावलीला बसून पाती कापत होते. मुंगीच्या बापाच्या हातात विळा होता. लंबूने आधी विळ्याकडे बघितलं, मग मुंगीकडे.

"माझा हात निसटला नाही," तो म्हणाला. "मी सोडली बाही. बाबा चिखलात पडले, सगळे हसले, म्हणून सोडली. तुझा काही दोष नव्हता. मला माहीत होतं तुझा दोष नाही, तरी सोडली."

विळ्यांचा आवाज बंद झाला. मुंगीच्या बापाची मान खाली गेली. रागाने म्हणावं तर त्याचा चेहरा तसा नव्हता; त्या दुपारचा धक्का त्याच्याही हाताला आठवत होता. आत्या उठून लंबूच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिने त्याला हात लावला नाही.

मुंगी त्याच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं मीच नीट पडले नाही," ती म्हणाली. "मी रोज विचार करत होते, हनुवटी वर राहिली का म्हणून." आणि त्या दिवशी खाली पडूनही न रडलेली मुंगी आता रडायला लागली, तोंड वाकडं करून, नाक गळेपर्यंत. लंबूही रडला. त्याला तर पुसायला फडकंसुद्धा नव्हतं.

मुंगीच्या आईने दोघांना रडू दिलं. पुरेसं झालं असं वाटल्यावर तिने पोत्याकडे बोट दाखवलं. "एवढा लांबलचक झालायस, ते पोतं उचलून छपरात नेऊन ठेव. आणि परत ये, अजून आहेत." मग विळा उचलत, आत्याकडे न बघता म्हणाली, "उन्हात काय उभी राहिलीस गं? बस खाली."

त्या दिवशी बांधावर कुणी जेवलं नाही.

कांदे छपरात पडले. डॉक्टरांनी मुंगीची झोळी काढली आणि हळूहळू खेळायला हरकत नाही म्हणाले. मुंगीने घरी येऊन विषय काढला तेव्हा बापाने हात झटकले, तुझ्या आईला विचार. आई त्या संध्याकाळी मुलीला घेऊन स्वतः शेडवर आली. आत्याने खेळ परत सुरू केला होता आणि पोरं जमायला लागली होती. आई ताडपत्रीच्या काठाशी चपला काढून उभी राहिली आणि आत्याला म्हणाली,

"माझी पोर जिथे पडते तिथे मला आधी पडून बघायचंय. आणि मला हा पाडेल." तिने लंबूकडे बोट केलं.

पोरं हसली. लंबू दोन पावलं मागे सरकला. आई अंगाने चांगली भरलेली, जन्मात कधी कोलांटी न मारलेली. आत्याने विचार केला. हो म्हटलं तर सगळं आत्ताच मिटत होतं. पण अशाच घाईने तिने एकदा दोघांना पुढे बोलावलं होतं.

"आज नाही," ती म्हणाली. "आधी पडायला शिक. मी सांगेन कधी ते. तुला घाई असली तरी मला नाही."

मुंगीच्या आईने तिच्याकडे रोखून बघितलं. मग पदर खोचला. "सांग," म्हणाली.

ती रोज यायला लागली. रानातून थेट, पायाला माती तशीच. आत्याने तिला नवीन पोरांच्या रांगेत बसवलं. बाजूला सहा-सात वर्षांची पोरं आणि मधे ही. बसून मागे कलायचं, हनुवटी छातीला, हाताची थाप. पहिल्या दिवशी ती कललीच नाही; मागे काही नाही म्हटल्यावर अंग तयारच होईना. एक चिमुरडं पोर तिला म्हणालं, काकू, घाबरू नका, खाली भुसा आहे. मुंगी तिच्या मागे बसून चुका काढायची आणि आयुष्यात पहिल्यांदा आईवर डाफरायची संधी मिळाल्याने ती काही सोडत नव्हती. लंबू दुसऱ्या टोकाला त्याच्याएवढ्याच जड मुलाला पाडून पाडून सराव करत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे एक दिवस असा आला की मुंगीची आई मागे कलली, हात जमिनीवर वाजला आणि तिने आपण पडलो हे न कळल्यासारखं इकडेतिकडे बघितलं. त्यानंतरही आत्याने काही दिवस जाऊ दिले. मग एका संध्याकाळी म्हणाली, आज.

पोरं भिंतीला पाठी लावून गोल बसली. वहिनी कोरडेच हात पुसत दारात आली. तिच्या मागे, जरा अंतरावर, दादा ट्रॅक्टरचं चाक तपासत होता. बराच वेळ एकच चाक तपासत होता. आत्या ताडपत्रीवर, त्या दोघांच्या इतकी जवळ गुडघ्यावर बसली की दोघांचा श्वास तिला ऐकू येत होता. लंबूला फक्त म्हणाली, सावकाश. मुंगीच्या आईला म्हणाली, डोळे मिटू नको.

लंबू वाकला, वळला. मातीचे पाय जमिनीवरून सुटले, पातळाचा घोळ हवेत फिरला आणि मुंगीची आई कोऱ्या लुगड्याच्या घडीसारखी ताडपत्रीवर येऊन पडली. हाताची थाप अशी वाजली की गोठ्यातल्या गाईने हंबरून विचारपूस केली.

पण ती उठत नव्हती. नजर पत्र्याकडे, हात पसरलेले. लंबू तिची बाही घट्ट धरून, तिच्यावर वाकून तसाच गोठला. आत्या पुढे सरकली, हात तिच्या मानेखाली घालणार एवढ्यात मुंगी धडपडत आली. "आई? लागलं का गं?"

"नाही गं," मुंगीची आई म्हणाली. "थांबा जरा. कांद्यांना हात घातल्यापासून दिवसाउजेडी अशी पाठ टेकली नव्हती."

आणि तिने डोळे मिटले. मुंगी क्षणभर उभी राहिली, मग बरा झालेला खांदा सांभाळत तिच्या शेजारी आडवी झाली. आत्याने पोरांना ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. त्या संध्याकाळी शेडमध्ये मग दुसरं काही शिकवणं झालं नाही. एवढी पोरं, पण सगळी भिंतीला टेकून हळू श्वास घेत बसली होती, आणि मधे ताडपत्रीवर एक बाई निर्धास्त झोपली होती.